तुपाची जोडी

१

सोमवारी सकाळी डिचोलीच्या 'बहुबचत' बाजारात जानकी गवसच्या कपाटातून तुपाच्या दोन बरण्या निघाल्या, आणि दुपारच्या जेवणाआधी तिची नोकरी गेली.

गोकुळदास शेट्ये तिथं पोचला तो बुधवारी. पेडण्याचा हा माणूस पोलिसात हवालदार म्हणून निवृत्त झाला होता. कंपनीनं त्याला 'दक्षता अधिकारी' असं भारदस्त नाव देऊन म्हापसा, फोंडा आणि डिचोली अशी तीन दुकानं सांभाळायला दिली होती. काम साधं होतं. चोर सापडला की जायचं, कागद बघायचे, खाली सही करायची. चोर शोधणं हे काम त्याचं नव्हतं. ते दुकानंच करत.

"प्रकरण सरळ आहे, गोकुळदासबाब," व्यवस्थापक रुद्रेश म्हणाला. तिशीतला, इस्त्रीचा शर्ट, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. "गेलं वर्षभर माल कमी भरतोय. तूप, शाम्पू, कपड्यांच्या पावडरची पाच-पाच किलोची पोती. तूट ठरलेल्या मर्यादेवर गेली की सगळ्यांचा भत्ता बंद होतो. पोरं रडकुंडीला आली होती. सोमवारी अचानक कपाटं तपासली आणि ही मिळाली."

"तपासणी सोमवारीच कशी काय ठेवलीत?"

"फ्लोअरवरची सुपरवायझर आहे, अश्विनी. तिला बायकांच्या कपाटांच्या खोलीवर संशय होता. तिनं सुचवलं."

"बाईनं कबूल केलं?"

"लिहून दिलंय." रुद्रेशनं कागद पुढं सरकवला. 'माझी चूक झाली, मला माफ करावे, मी स्वखुशीने काम सोडते.' अक्षर गोल, शाळकरी होतं. चूक कसली ते त्यात कुठंच नव्हतं.

"पोलिसात दिलं असतंत तर?"

"मग दुकानाचं नाव पेपरात आलं असतं. तिला मी तेच समजावलं. सही कर, घरी जा, विषय संपला. तान्हं मूल आहे तिला."

बरण्या टेबलाच्या खणात होत्या. गोकुळदासनं त्या बाहेर काढल्या. दोन्ही एकमेकींना पिवळ्या चिकटपट्टीनं जखडलेल्या, पट्टीवर लाल अक्षरांत 'एकावर एक मोफत'. त्यानं त्या हातात फिरवून पाहिल्या आणि विचारलं, "कपाट कशानं फोडलंत?"

"फोडायची वेळच आली नाही. प्रत्येकीचं कुलूप स्वतःचं असतं. सगळ्या रांगेत उभ्या होत्या, एकेकीला उघडायला लावलं. तिनंही उघडलं."

"आढेवेढे न घेता?"

रुद्रेशनं कागद परत आपल्याकडे ओढला. "हो. पुढं होऊन उघडलं."

गोकुळदासनं उभ्या नोकरीत पुष्कळ चोर पाहिले होते. त्यातला एकही आपल्या हातानं, पुढं होऊन, मुद्देमालावरचं कुलूप काढणारा नव्हता. त्यानं पेन खिशाला लावलं.

"सही उद्या करतो," तो म्हणाला. रुद्रेशच्या कपाळावर पहिल्यांदाच आठी उमटली.

२

दाराशी पांडुरंग राखणदार बसला होता. बांद्याचा, पन्नाशी उलटलेला, खाकी शर्टाला कॉलरपाशी ठिगळ. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक कामगाराची पिशवी तो उघडून बघे. गोकुळदासला त्यानं खुर्ची दिली आणि स्वतः उभा राहिला.

"बस रे," गोकुळदास म्हणाला. "सोमवारी ती कधी आली?"

"उशिरा, साहेब. इब्रामपुरातसून येता ती, अस्नोड्याक बस बदलूक लागता. बस चुकलली तिची. पिशवी मी बघितलंय. तान्याचा फोटो, डबो आनी पाण्याची बाटली. दुसरा काय नाय."

"मग वर कपाटाकडं गेली?"

"नाय. मिटिंग सुरू झालली. धावतच थेट थंय गेली, पिशवी हातात घेवन. मिटिंगीतसूनच मॅनेजरान सगळ्या बायकांक वर नेल्यानी."

"त्याआधी शेवटची केव्हा आली होती?"

"गेल्या बुधवारी. मगे दोडामार्गाक भावाचा लगीन, म्हणान रविवारापर्यंत रजा." पांडुरंगानं आवाज खाली आणला. "साहेब, मी लहान तोंडान बोलतंय. पाच किलोची पावडर लुगड्यात घालून कोण चालतलो? माझ्या म्होऱ्यातसून? माका आंधळो समाजतत काय ते?"

गोकुळदास आत गेला. दुकान मोठं होतं, पण माणसं तुरळक. सहा बिलाच्या खिडक्या आणि चालू दोन. बाकी चारांवर 'बंद आहे' अशी पाटी. पूर्वी इथं प्रज्योत नावाचा मुलगा फक्त भाव बघायचा. कुठल्या मालावर आज कुठली सूट, ते संगणकात चढवणं आणि फडताळावर चिठ्ठ्या लावणं एवढंच त्याचं काम. ती जागा कंपनीनं रद्द केली. आता भाव पुण्याहून यायचे आणि चिठ्ठ्या ज्याला सवड मिळेल तो लावायचा.

दोन खिडक्यांपैकी एकीवर गौरवी होती. बावीस-तेवीस वर्षांची, हात यंत्रासारखे चालत होते. रांग जरा ओसरल्यावर गोकुळदासनं विचारलं, "तुपावर ही पिवळी पट्टी केव्हापासून आहे गं?"

"शनिवारपासून, सर. शुक्रवारपर्यंत सुट्या बरण्याच होत्या, मोफतची दुसरी गिऱ्हाईक स्वतःच उचलायचं. शनिवारी सकाळी पट्टीचे रोल आले. मी आणि अश्विनीताईंनी बसून जोड्या बांधल्या. नखं मोडली माझी."

"शनिवारच्या आधी एकही जोडी नव्हती?"

"रोलच नव्हते, तर बांधणार कशानं?"

गोकुळदास पाण्याच्या बाटल्यांच्या थप्पीला टेकून उभा राहिला. जोडी शनिवारी जन्माला आली. जानकी बुधवारी गेली ती सोमवारी परतली, आणि सोमवारी कपाटाला हात लावायच्या आधीच झडती झाली. ती जोडी तिनं ठेवणं शक्यच नव्हतं.

म्हणजे ती दुसऱ्या कोणीतरी ठेवली. आणि कुलूप फुटलेलं नव्हतं. ज्यानं ठेवली, त्याच्याकडे जानकीच्या कुलुपाची चावी होती.

३

इब्रामपुरात जानकीचं घर विचारायला त्याला रुक्मिणीच्या पोसऱ्यावर थांबावं लागलं. साबण, विड्या, अंडी, सकाळचे उरलेले पाव. गुडघाभर उंचीच्या फळ्यांवर मांडलेलं एवढंसं दुकान. रुक्मिणीनं त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"त्या तुपाच्या बाबतीत काय?" तिनं विचारलं. म्हणजे बातमी गावात पोचलीच होती. "तो बघा, ट्रक उभो आसा थंय."

घरासमोर रिकामा टिप्पर उभा होता. चाकांना गवत लागलेलं होतं. जानकी ओट्यावर बसून पोरीला भरवत होती. तिचा नवरा विशाल आतून आला, गोकुळदासकडे पाहिलं, आणि मागच्या दारानं बाहेर गेला.

"तो कोणाकडेच बोलणा नाय आता," जानकी म्हणाली. "बसा. कागदावर आणखी सही व्हयी काय?"

"नको. ते तूप तू ठेवलेलं नाहीस, ते मला कळलंय."

तिचा हात पोरीच्या तोंडापाशी थांबला. तिला रडू येईल असं गोकुळदासला वाटलं होतं. तिनं वाटी खाली ठेवली एवढंच.

"मगे तुमी हय कित्याक इलात?"

"कोणी ठेवलं ते शोधायला. सोमवारी कुलूप तूच काढलंस ना?"

"माका ठाऊक असता तर मी आपल्या हातान उघडला असता काय? दार उघडला आनी ता समोर. माका वाटला, कोणाचा तरी चुकान माझ्या कपाटात पडला. मी मॅनेजरांक म्हटलंय पण तसा. ते हसले."

"मग लिहून का दिलंस?"

"ते म्हणाले, पोलिसात दिलंव तर रात्रभर बसूक लागात. ह्या चेडवाक दूध कोण देतलो?" तिनं पोरीचं तोंड पुसलं. "आनी थंय सगळी बघी होती, साहेब. माझ्याच बाजूक बसान जेवणारी माणसां. कोणीच एक शब्द बोलाक नाय."

गोकुळदासनं तिच्याकडे बघायचं टाळून विचारलं, "त्या कुलुपाच्या चाव्या दोन असतील. दुसरी खंय आसा?"

"हरवली."

उत्तर फार लवकर आलं. आत्तापर्यंत प्रत्येक प्रश्नाला ती क्षणभर थांबून, आठवून बोलत होती.

"कधी हरवली?"

"आठवणा नाय."

"जानकी, ती चावी ज्याच्याकडे आहे त्यानंच—"

"हरवली म्हणान सांगलंय मां," ती म्हणाली, आणि पोरीला उचलून कडेवर घेतलं. "तुमी नाव काढशात. त्या माणसाची पण नोकरी जायत. माझी परत गावतली काय? ता सांगा आधी."

गोकुळदासला इतकंच कळलं की ही बाई सोमवारपासून, कपाटाचं दार उघडल्याच्या त्या क्षणापासून, नाव जाणून होती. आणि ते ती सांगणार नव्हती.

४

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा डिचोलीला आला. नाव एका बाजूला ठेवून त्यानं आधी दुसरी गाठ सोडवायची ठरवली. जानकीनं चोरी केली नाही, तर मग वर्षभर माल जात कुठं होता? ती चार दिवस दुकानात नव्हती, तरी त्या चार दिवसांतही तूप कमी भरलंच होतं.

बायकोनं घरी तूप संपल्याचं सांगितलं होतंच. त्यानं फडताळावरची एक जोडी उचलली, जोडीला एक साबण घेतला आणि गौरवीच्या रांगेत उभा राहिला. त्याच्या पुढच्या गृहस्थानं कपड्यांच्या पावडरच्या दोन पिशव्या घेतल्या होत्या, त्याही एकीवर एक मोफत. गौरवीनं एक पिशवी यंत्रापुढं धरली. पीप. दुसरी तशीच पुढं सरकवली.

त्याची पाळी आली. साबण: पीप. तुपाची जोडी: पीप.

गोकुळदासनं बिल वाचलं. साबण एक. तूप एक.

"गौरवी, बरण्या दोन आहेत."

"एक मोफत आहे ना, सर."

"मोफत आहे, पण दुकानातून तर बाहेर चालली. तिची नोंद कुठं?"

गौरवीनं मान वर केली. हे तिला कोणी कधी विचारलं नव्हतं. "दोन्ही धरल्या तर यंत्र दोन्हींचे पैसे लावतं. मग गिऱ्हाईक भांडतं. म्हणून एकच धरायची, असं सांगितलंय. सूट संगणकात चढलेलीच नसते, सर. पूर्वी प्रज्योत चढवायचा."

मागची बाई कुरकुरली. गोकुळदास पिशवी घेऊन बाजूला झाला. त्याच्या हातात आत्ता एक 'चोरलेली' बरणी होती. पैसे भरून, बिल घेऊन उचललेली, पांडुरंग शिक्का मारून दारातून जाऊ देईल अशी. संगणकाच्या लेखी ती अजून फडताळावरच होती. पुढच्या मोजणीला कोणीतरी ती शोधायला जाईल आणि ती तिथं नसेल.

तूट तुपाची, शाम्पूची, पावडरच्या पोत्यांची. जे जे मोफत वाटलं, ते ते. चोर महाग वस्तू बघतो, सूट बघून चोरी करत नाही. ह्या दुकानात चोर नव्हताच कधी.

रुद्रेशच्या खोलीत जाऊन त्यानं तूप टेबलावर ठेवलं आणि बिल त्याच्या शेजारी. रुद्रेशनं दोन्हीकडे पाहिलं. चकित मात्र झाला नाही.

"तुम्हाला माहीत होतं," गोकुळदास म्हणाला.

रुद्रेशनं उठून दार लावलं. "मी तीनदा कळवलंय वर. म्हणतात, होईल. सूट त्यांनी चढवली की तोटा भाव ठरवणाऱ्या खात्याच्या नावावर जातो. नाही चढवली की तूट माझ्या दुकानाच्या नावावर. तुम्ही त्या खात्यात असता तर घाई केली असती?"

"आणि भत्ता पोरांचा कापला जातो."

"मी काय करू? वरून विचारतात, चोर का सापडत नाही? तुमचं लक्ष नाही? दिवाळीनंतर दोन माणसं कमी करा. मी पोरांना बैठकीत सांगितलं, बाबांनो, चोर सापडला तर भत्ता सुटेल, माणसंही वाचतील. डोळे उघडे ठेवा."

"चोर नाही हे ठाऊक असताना, चोर शोधा म्हणून सांगितलंत."

"बरण्या मी ठेवल्या नाहीत," रुद्रेश म्हणाला. "शनिवार-रविवार मी फोंड्याच्या दुकानात होतो, विचारा कोणालाही. मी कोणाला सांगितलंही नाही ठेवायला."

हे खरं होतं, गोकुळदासला त्यात शंका वाटली नाही. रुद्रेशनं फक्त एक जागा मोकळी करून दिली होती. ती कोणीतरी भरली.

५

बायकांच्या खोलीत पुरुष जात नसत. पांडुरंग दार सोडून हलला असता तर दहा जणांनी पाहिलं असतं. शनिवारी जोड्या बांधायला दोघी होत्या, त्यातली गौरवी दिवसभर खिडकीवर जखडलेली. माल हातात घेऊन दुकानभर कुठंही फिरताना जिला कोणी हटकणार नाही, अशी एकच बाई होती. तपासणी सुचवणारीही तीच.

तरी गोकुळदासनं पांडुरंगाला एक गोष्ट विचारून घेतली. जानकी जेवायला कोणाबरोबर बसायची?

"अश्विनीबायबरोबर. येकाच डब्यात. तिनाच तिका हय कामाक लावलेली. जानक्येची बस चुकली की अश्विनीबाय तिचो एप्रन काढून तयार ठेवी, उशीर लागू नये म्हणान." पांडुरंग बोलता बोलता थबकला. एप्रन कपाटात असे, आणि कपाटाला कुलूप. त्याच्या चेहऱ्यावर ते हळूहळू उतरत गेलं. "अरे देवा," तो पुटपुटला.

अश्विनी मळीक गोदामाच्या मागच्या अंगणात पुठ्ठ्याच्या पेट्या मोडून रचत होती. चाळिशीची, सडपातळ, केस घट्ट बांधलेले. हे काम तिचं नव्हतं, पण ते करणाऱ्या मुलाला महिन्यापूर्वीच काढलं होतं.

"जानकीला भेटून आलो," गोकुळदास म्हणाला.

"बरी आहे?"

"दुसऱ्या चावीचं विचारलं. हरवली म्हणाली."

अश्विनीच्या हातातली पेटी तशीच राहिली. गोकुळदासनं तिला बाकीचं सांगितलं: शनिवारची पट्टी, गुरुवारपासूनची रजा, न फुटलेलं कुलूप, सकाळी काढून ठेवलेला एप्रन. तो आवाज न चढवता बोलला, आणि तिनं मधे एकदाही तोडलं नाही.

"तिनं माझं नाव सांगितलं नाही?" अश्विनीनं विचारलं.

"नाही."

ती पेट्यांच्या ढिगावर बसली. "सांगायला हवं होतं," ती म्हणाली. "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं."

"का केलंस?"

"कोणीतरी सापडायलाच हवं होतं, सर. सात महिने भत्ता नाही. वर दिवाळीनंतर दोघांना काढणार. कोणाला काढणार त्यांची नावं मॅनेजर माझ्याकडेच मागणार होते. मी रात्री पडून सगळ्यांची घरं मोजायची. पांडुरंगच्या बायकोला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं. गौरवीच्या पगारावर तिच्या दोन बहिणी शिकतात. माझ्या घरात कमावणारी मी एकटी, सासू अंथरुणावर." तिनं तळहात एप्रनला पुसले. "जानकीच्या घरात दुसरी कमाई होती. नवरा ट्रकवर. म्हटलं, ती तगेल. पोर लहान आहे, एरवीही ती वर्षभरात सोडणारच होती. पोलिसात देऊ नका, एवढं मी मॅनेजरांना आधीच सांगून ठेवलं होतं."

"विशालचा ट्रक केव्हापासून उभा आहे, ठाऊक आहे तुला?"

तिनं मान वर केली.

"चाकांना गवत आलंय. खाणीचं काम सुटल्यापासून घरात तिचाच पगार होता."

"मला कधी बोलली नाही." अश्विनीचा आवाज पार तळाला गेला. "रोज एका डब्यात जेवायचो आम्ही. माझ्यापेक्षा जास्त भाजी ती आणायची."

आत ध्वनिवर्धकावर आजच्या सवलतींची यादी चालू होती.

"चोर नव्हताच कधी," गोकुळदास शेवटी म्हणाला, आणि तिला ती एक पीप समजावून सांगितली.

अश्विनी ऐकत राहिली. मग उठली, उरलेली पेटी मोडली, ढिगावर नीट ठेवली. "कागद द्या," ती म्हणाली. "मी लिहून देते. पण तिला परत घ्या. एवढं बघा, सर."

६

गोकुळदासनं दोन्ही गोष्टी पुण्याला विभागीय साहेबांना कळवल्या. सूट संगणकात चढत नाही हेही, आणि अश्विनीचा कबुलीजबाबही. साहेबांनी फोन केला तेव्हा आवाज अगदी खुशीत होता.

"उत्तम काम, शेट्ये. त्या सुपरवायझरचा राजीनामा आजच घ्या."

"आणि जानकी गवस? तिला परत बोलवायचं ना?"

"तिनं स्वखुशीनं सोडल्याचं लिहून दिलंय की."

"साहेब, ते कसं लिहून घेतलं ते मी कळवलंय."

"हो, वाचलं मी. पण ती जागा आता राहिलीच नाही. डिचोलीला गिऱ्हाइकानं स्वतःच बिल करायची यंत्रं येतायत. रुद्रेशला आपण फोंड्याचं मोठं दुकान देतोय, त्यानं परिस्थिती चांगली हाताळली. दिवाळीनंतर दोन माणसं कमी करायची होती, ती आधीच झाली. एका अर्थी तुम्हीच आमचं काम सोपं केलंत."

"आणि कापलेला भत्ता?"

"भत्ता कापत नसतो, शेट्ये. मिळवायचा असतो."

तुपाची सूट पुढच्या आठवड्यात संगणकात चढली. ती चढवायला पाच मिनिटंही लागली नाहीत, असं गौरवीनं नंतर सांगितलं.

गोकुळदासनं राजीनामा द्यायचा विचार केला. तो विचार त्यानं म्हापशापासून पेडण्यापर्यंतच्या बसमध्ये केला आणि घर आल्यावर सोडून दिला. त्याची पेन्शन मुलाच्या कर्जाच्या हप्त्याला जात होती. रविवारी मात्र तो इब्रामपूरला गेला. निदान तेवढं तरी त्याच्या हातात होतं.

जानकीनं सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे आता दोघी घराक," ती म्हणाली.

"तिनं आपणहून लिहून दिलं."

"म्हायत आसा. काल इल्ली ती. हयच बसली, ओट्यावर. मी च्याय दिलंय. तिणा घेतली, आपली बशी आपणच धुतली आनी बस पकडूक गेली. आमी कायच बोलाक नाय." ती पोरीच्या केसांतला गुंता सोडवत होती. "तुमी चांगला केलात, काका. मी नाय म्हणणा नाय. पण माका आता ता नको. मोपाच्या विमानतळावर झाडूपोछ्याक बायो घेतत. थंय विचारतत, आदलो काम कित्याक सोडलंस? दुकानाक फोन लावतत. दुकान म्हणता, आमी काय सांगणव नाय. कायच सांगणत नाय म्हणटकीच लोकांका सगळा कळता."

"मी सांगतो विमानतळावर. लेखी देतो."

"द्या. पण आधी हय गावात सांगा." तिनं रस्त्याकडे हनुवटी केली. "पयली रुक्मिणीकाकी जेवूक जाय तेव्हा पोसऱ्याच्या राखणीक मीच बसायचंय. पोर घेवन. आता ती माका बोलवणा नाय."

दोघं पोसऱ्यावर गेली. शेजारच्या पारावर चारपाच जण होतेच; गोकुळदासनं मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. पट्टी, रजा, चावी, आणि तुपाच्या दोन बरण्यांना होणारी ती एकच पीप. पोलिसात होता तेव्हाही त्यानं इतकी सरळ साक्ष कधी दिली नव्हती. ऐकणाऱ्यांनी मधेमधे 'होय तर' म्हटलं. एकानं त्या कंपनीला घाणेरडी शिवी दिली.

रुक्मिणीच्या डोळ्यांत पाणीच आलं. "गे माझे बाये," ती जानकीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "त्या मेल्यांचा वाटोळा होवंदे. माका ठाऊकच होता, आमची जानकी तशी न्हय." तिनं बरणीतून दोन गोळ्या काढून पोरीच्या मुठीत दिल्या आणि गोकुळदासला पाण्याचा तांब्या दिला. मग आतून सुनेनं हाक मारली, जेवण वाढल्याची.

"इलंय गे," रुक्मिणी म्हणाली आणि उठली. जानकी तिथंच, फळ्यांना टेकून, पोर कडेवर घेऊन उभी होती.

"बस गो, जानक्ये, बस. जावन येतंय हां मी," रुक्मिणीनं तिला प्रेमानं सांगितलं. आणि बोलता बोलता पोसऱ्याच्या दाराच्या फळ्या एकेक करून लावल्या, कडी घातली, आणि जेवायला आत गेली.